आत्याच्या ट्रंकेत अटारीची 'चेस द चक वॅगन' कॅसेट निघाली. ठेवू, विकू की परत माळ्यावर टाकू?

माळ्यावरचा

नमस्कार मंडळी. सदाशिव पेठेतला आमचा वाडा एकदाचा पुनर्विकासाला निघाला, त्यामुळे सध्या घरात नुसती आवराआवर आहे. माळ्यावर आत्याची एक पत्र्याची ट्रंक होती. आत्या आणि काका ऐंशीच्या दशकात अमेरिकेत सेंट लुईसला राहायचे. परत आल्यावर ट्रंक आमच्याकडे ठेवली आणि विसरले. उघडली तर वर डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारे स्वेटर आणि खाली अटारी, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचा अटारी कंपनीचा व्हिडिओ गेम! पुढच्या बाजूला लाकडासारखी पट्टी असलेला तो काळा डबा, दोन जॉयस्टिक, अडॅप्टर आणि आठ-दहा कॅसेट.

पॅक-मॅन, पिटफॉल, कॉम्बॅट ही नावं ऐकलेली होती. 'चेस द चक वॅगन' मात्र कधी ऐकलं नव्हतं. नेटवर शोधल्यावर कळलं की हा गेम दुकानात मिळायचाच नाही. कुत्र्याचं खाणं विकत घेतल्याचा पुरावा कंपनीला पाठवला की पोस्टाने घरी यायचा. आत्याकडे तिकडे कुत्रा होता, ब्राउनी नावाचा, एवढं फोटोंवरून माहीत आहे. काही ठिकाणी या कॅसेटला 'होली ग्रेल', म्हणजे जमवणाऱ्यांचं अंतिम स्वप्न वगैरे म्हटलंय, त्यामुळे जरा धडधड झाली.

कॅसेटबरोबर एक तपकिरी पाकीट आहे, आत एक छापील चिठ्ठी आणि कूपनचा अर्धा कापलेला कागद. शिवाय पिटफॉलच्या हॅरीचा एक कापडी बिल्लाही आहे, तो कशाचा ते कळलं नाही.

घरात तीन मतं आहेत. बाबा म्हणतात कागद रद्दीत आणि डबा जुन्या बाजारात. बायको म्हणते, अप्पा बळवंत चौकात जाऊन पाकीट-चिठ्ठी लॅमिनेट करून आणू, फ्रेम छान दिसेल. अमेरिकेतला आतेभाऊ म्हणतो, विक आणि मला पार्टी दे. याची खरी किंमत काय, आणि हा डबा इथे चालेल का? अजून प्लगमध्ये घातलेला नाही.

चिंचेची_तालीम

किंमत लाखात निघाली तर बिल्डरला कळू देऊ नका, कार्पेट एरियात धरेल.

बाकी कुत्र्याच्या बिस्किटांवर फुकट मिळालेली वस्तू चाळीस वर्षं जपून ठेवणारं घर सदाशिव पेठेतच सापडायचं.

सोल्डरवाले_काका

आधी तातडीचं. अडॅप्टर प्लगमध्ये घालू नका. तो अमेरिकेतला म्हणजे १२० व्होल्टचा, आपल्या २३०ला क्षणात जळेल. आणि वहिनींना लॅमिनेशनवाल्यापासून व बाबांना रद्दीवाल्यापासून आठवडाभर लांब ठेवा. त्या ट्रंकेतली सगळ्यांत दुर्मिळ वस्तू ते तपकिरी पाकीट आहे. कॅसेटचा नंबर त्याच्यानंतर.

आता सविस्तर. नव्वदच्या दशकात मी तपकीर गल्लीच्या मागच्या बाजूला टीव्ही गेम दुरुस्त करायचो. पोरं कॅसेटमध्ये फुंकर मारून मारून आणायची आणि 'काका, मारिओ अडकतो' म्हणायची. पुढे स्वतःलाच नाद लागला. मी फक्त एकाच जातीचे गेम जमवतो : कुठल्यातरी खाण्यापिण्याच्या किंवा साबण-पेस्टच्या कंपनीने जाहिरातीसाठी काढलेले. घरात या विषयावर ऐकून घेणारं कोणी उरलेलं नाही, त्यामुळे इथे लांबलं तर सांभाळून घ्या.

अटारी २६००, म्हणजे तुमचा हा डबा, आला १९७७ला. १९८२पर्यंत अमेरिकेत त्याचं असं पेव फुटलं की ओट्स विकणाऱ्या क्वेकरनेसुद्धा यूएस गेम्स नावाची गेम कंपनी विकत घेतली. मग १९८३मध्ये जाहिरातवाल्यांनी गेमच काढायला घेतले. कूल-एड सरबताची पाकिटं जमवून पाठवली की 'कूल-एड मॅन' मिळायचा. जॉन्सन अँड जॉन्सनच्या दातांच्या वस्तू घेतल्याचा पुरावा पाठवला की 'टूथ प्रोटेक्टर्स', त्यात वरून खाऊ पडतो आणि आपण दात वाचवायचे. आणि रॅल्स्टन प्युरिना कंपनीच्या चक वॅगन या कुत्र्याच्या खाण्यासाठी स्पेक्ट्राव्हिडिओ या गेम कंपनीने तुमचा हा गेम काढला. त्या खाण्याची टीव्हीवर जाहिरात लागायची : स्वयंपाकघरातून एक इवलीशी छप्पर घातलेली घोडागाडी धावते, कुत्रा मागे लागतो आणि गाडी कपाटात गुडूप. गेममध्ये तेच. भूलभुलैयातून कुत्र्याला गाडीपर्यंत न्यायचं आणि कुत्री पकडणाऱ्याला चुकवायचं. खेळायला सुमार आहे, दहा मिनिटांत कंटाळा येतो. तुमच्या आत्या राहायच्या त्या सेंट लुईसलाच प्युरिनाचं मुख्यालय आहे, हा योगायोग मला भारी वाटला.

हा गेम दुर्मिळ का झाला? कंपनीने मोजकेच काढून तिजोरीत ठेवले, असं काही नाही. वेळ चुकली. १९८३मध्ये बाजार गेमने इतका तुंबला की दुकानदार कॅसेट टोपलीत टाकून पाच डॉलरला, त्याहूनही कमी भावात फुंकायला लागले. त्याच वर्षी अटारीने न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोला ट्रक भरभरून माल खड्ड्यात पुरला. २०१४ला खणून काढला तेव्हा जगाने पाहिला. दुकानात गेम मातीमोल मिळत असताना पिशव्यांवरचे तुकडे कापून, फॉर्म भरून, तिकीट लावून पोस्टाची वाट कोण बघणार? चिकाटीची माणसंच. त्यामुळे थोडे गेले, आणि जे गेले त्यांची पाकिटं पहिल्याच दिवशी कचऱ्यात गेली. मुलं गेम काढून पाकीट भिरकावणारच.

म्हणून किंमत विचारलीत तर माझं रोखठोक मत असं : 'होली ग्रेल'वर जाऊ नका, ती जुनी कीर्ती आहे. अमेरिकेतले जमवणारे सुरुवातीच्या काळात चक वॅगनसाठी जीव टाकायचे. पुढे नेट आलं, लोकांनी माळे-तळघरं धुंडाळली, कॅसेट निघत गेल्या आणि भाव खाली आला. आज त्याच्या कितीतरी वरचढ दुर्मिळ गेम माहीत झालेत. 'एअर रेड' नावाचा खोक्यासकट एक गेम २०१०मध्ये ३१,६०० डॉलरला गेला. चक वॅगन त्या पंगतीत बसत नाही. तुम्हाला जे मिळेल त्यात ट्रंकेवरचा गंज काढून होईल, वाड्याच्या बदल्यात मिळणाऱ्या फ्लॅटमध्ये एक चौरस फूटही वाढणार नाही.

पण पाकीट, चिठ्ठी आणि कूपन एकत्र असतील तर गोष्ट वेगळी. नुसती कॅसेट कुठूनही येऊ शकते, हल्ली लेबल छापून हुबेहूब नकलाही करतात. पोस्टाचा शिक्का असलेलं पाकीट ती तुमच्या घरी कशी आली ते सांगतं. मी स्वतः कॅसेट नसलेलं कूपनही घेईन, कूपन नसलेली कॅसेट घेताना मात्र हात आखडता घेतो. सगळे जमवणारे असं म्हणणार नाहीत, त्यांना कॅसेटच हवी असते. माझा विक्षिप्तपणा समजा.

कागदांचं काय करायचं तेही सांगतो. लॅमिनेशन म्हणजे उष्णतेने प्लॅस्टिक कागदात कायमचं चिकटवणं, ते परत निघत नाही. सेलोटेप नको, स्टेपलर नको, रबरबँड तर मुळीच नको. पुण्याच्या दोन उन्हाळ्यांत रबर वितळून कागदाला डाग पाडतं. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या होत्या म्हणून कसर लागली नसावी. पावसाळ्याच्या आत सुटे करून, एकेक कागद चांगल्या प्रतीच्या फोल्डरमध्ये सपाट ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका. घडी जबरदस्तीने उलगडू नका.

बिल्ला कशाचा, ते खरं तर मला सगळ्यात जास्त आवडलं. पिटफॉलमध्ये २०,००० गुण झाले की टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढून ॲक्टिव्हिजन कंपनीला पाठवायचा आणि त्यांनी हा बिल्ला पोस्टाने घरी धाडायचा. म्हणजे तुमच्या आतेभावाने पडदा न विझवता, कोणालातरी कॅमेरा घेऊन बोलावून, रोल संपण्याची वाट पाहून, धुऊन आणून तो पाठवलाय. त्याला विचारा, गप्पा चांगल्या रंगतील. आणि आत्यांचे जुने अल्बम चाळा.

एडिसनकर

काकांच्या माहितीला एक जोड. भाव बघायचा तर ईबेवर मागितलेल्या किमती बघू नका, प्रत्यक्षात विकल्या गेलेल्या वस्तूंचा फिल्टर लावा. मागायला काय, कोणीही काहीही मागतं. आमच्याकडे गराज सेलला जुन्या कॅसेटच्या खोक्यावर 'रेअर' लिहिलेलं असतं आणि आत नुसता पॅक-मॅन.

आणि जाहिरातीचा गेम म्हणजे दुर्मिळ, असा सरसकट समज नको. निन्टेंडोने १९९०मध्ये स्वतःच्या मासिकाची वर्गणी भरणाऱ्यांना 'ड्रॅगन वॉरियर' फुकट वाटला, तो अजून ढिगाने मिळतो. २००६मध्ये बर्गर किंगने जेवणासोबत चार डॉलरला एक्सबॉक्सचे तीन गेम विकले. त्यातला 'स्नीक किंग' आमच्या घरी आहे. त्यांचा तो मुकुटवाला राजा लोकांच्या मागून हळूच येऊन त्यांच्या हातात बर्गर ठेवतो, एवढाच गेम. भीतीदायक प्रकार आहे, पण दुर्मिळ बिल्कुल नाही.

कर्वेनगरी

हे वाचून 'बिग फन' गम आठवला. ८७च्या वर्ल्ड कपच्या आसपास त्याच्या वेष्टणात धावा आणि विकेट निघायच्या, त्या जमवून दिल्या की फ्लिपबुक मिळायचं. भराभर पानं उलटली की बॅट्समन शॉट मारायचा. दातांची वाट लागली पण फ्लिपबुक अजून आहे. वेष्टणं मात्र एकही नाही! काकांचा मुद्दा पटला.

काका, पेप्सी इन्व्हेडर्स नावाचा पण एक गेम आहे ना? तो बिस्किटांवर मिळायचा का?

सोल्डरवाले_काका

@कर्वेनगरी, नाही, तो कोणाला घरी पाठवलाच नाही. अटारीने कोका-कोलासाठी १९८३मध्ये १२५च कॅसेट बनवल्या आणि त्यांच्या अटलांटातल्या विक्री संमेलनात आलेल्या लोकांना वाटल्या. स्पेस इन्व्हेडर्स हा जुना प्रसिद्ध गेमच, फक्त वरून परग्रहवासी उतरण्याऐवजी पी-ई-पी-एस-आय ही अक्षरं उतरतात आणि आपण त्यांना गोळ्या घालायच्या. तीन मिनिटांत गेम संपतो आणि शेवटी 'कोक विन्स' येतं. हरायचा प्रश्नच नाही, मालकाला खूश करायचं होतं ना. तो माझ्या ऐपतीबाहेरचा आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल माझं मत कडवट आहे असं समजून वाचा.

एडिसनकर म्हणतात ते सोळा आणे खरं. म्हणूनच मी म्हणतो की आकडा बघू नका, लोकांना किती खटपट करावी लागली ते बघा. जिथे हात पुढे केला की मिळायचं, ते आज पोत्याने मिळतं.

फ्लिपबुकात बॅट्समन कोण आहे? फोटो टाका की.

माळ्यावरचा

काका, तुमच्या हुकुमानुसार लॅमिनेशन रद्द. बायकोने 'कोण हे काका?' असं विचारलं आहे.

अल्बम चाळले. सापडला! पण मजा बघा. फोटोत अंधारी खोली, टीव्हीची कड आणि मधोमध पडद्यावर पांढराफट्ट गोळा. फ्लॅश मारलाय. गुण काहीही दिसत नाहीत. मागे आत्याच्या अक्षरात 'फ्लॅश नको!!' असं लिहिलंय. आतेभावाला फोटो पाठवला तर त्याचा रात्री अडीचला, म्हणजे आपल्या दुपारी, फोन आला. म्हणाला, पहिला फोटो वाया गेला म्हणून आईने अख्खा रोल संपेपर्यंत मला ब्राउनीचे फोटो काढायला लावले, आणि मग पुन्हा २०,००० करावे लागले. म्हणूनच अल्बममध्ये ब्राउनी एकाच सोफ्यावर इतक्या वेळा आहे, हे आत्ता कळलं.

डब्याचं कसं करू? बाबांचा जुना पिक्चर ट्यूबवाला टीव्ही आहे, तो अजून चालतो.

सोल्डरवाले_काका

वा! तो वाया गेलेला फोटो बिल्ल्यासोबतच ठेवा, वेगळा करू नका.

डब्याला ९ व्होल्ट डीसी, ५०० मिलिअँपिअरचा अडॅप्टर लागतो. पिन साध्या इअरफोनसारखी ३.५ मिलिमीटरची, मोनो, टोकाला प्लस. तपकीर गल्लीत अडॅप्टर मिळेल, पिन बहुधा बदलून घ्यावी लागेल. प्लस-मायनस मीटरवर तपासून मगच लावा, दुकानदाराच्या 'चालेल साहेब'वर जाऊ नका.

बाबांच्या टीव्हीवर फार आशा ठेवू नका. हा डबा अमेरिकी एनटीएससी पद्धतीचा, सेकंदाला साठ चित्रं काढणारा. आपले जुने टीव्ही पाल पद्धतीचे, पन्नासवाले. लागलाच तर चित्र काळं-पांढरं येईल आणि वरखाली गडगडत राहील, शिवाय अमेरिकी चॅनेल शोधायचं म्हणजे ट्यूनिंगची कसरत. त्यापेक्षा आतून व्हिडिओची वायर काढून एव्ही पिन बसवायची आणि आताच्या एलसीडीला जोडायचं. ते सगळं करायचं नसेल तर 'स्टेला' नावाचा एम्युलेटर, म्हणजे या डब्याची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे, लॅपटॉपवर चक वॅगन खेळून बघा. दहा मिनिटांचं मी सांगितलंच आहे.

कॅसेटचे पत्रे साफ करायला फुंकर मारायची नाही. थुंकीतली ओल तांब्याला खाते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणून कापसाच्या काडीला किंचित लावा, पत्र्यावरून हळू फिरवा, काडी काळी व्हायची थांबेपर्यंत काड्या बदला. लेबलला एक थेंबही लागू देऊ नका. आणि कॅसेट उघडू तर अजिबात नका, उघडताना लेबल फाटलं तर जागेवर निम्मी किंमत जाते.

एक विचारायचं राहिलं. पाकिटावर पत्ता कोणाच्या नावाचा आहे? आत्यांच्या की काकांच्या?

माळ्यावरचा

इथेच घोळ आहे. पत्ता तिसऱ्याच बाईच्या नावाचा निघाला, अमेरिकी नाव. माझा चेहरा पडला, म्हटलं ही जुन्या सामानात विकत घेतलेली असणार. मग आत्याला फोन लावला. ती आता ८१ वर्षांची आहे, पण एकदम खणखणीत.

म्हणाली, "अरे, ब्राउनी कसला ते खातोय! त्याला दूधभात लागायचा. त्या पिशव्या शेजारच्या बाईंकडच्या. त्यांच्याकडे दोन धिप्पाड कुत्रे. त्यांच्या घरात गेम खेळणारं कोणी नव्हतं, मग त्यांनीच फॉर्म भरला आणि पार्सल आल्यावर पाकिटासकट आणून दिलं. मी त्यांना चकल्या दिल्या."

म्हणजे चकल्यांच्या बदल्यात चक वॅगन. आता हे पाकीट 'आमच्या घरी आलं' असं म्हणता येईल का? यामुळे किंमत गेली का?

चिंचेची_तालीम

चकल्या भाजणीच्या होत्या का ते आधी विचारा. त्यावर सगळं अवलंबून आहे.

एडिसनकर

मला तर आता ती कॅसेट आधीपेक्षा जास्त हवीशी वाटायला लागली. विकायची ठरली तर आधी कळवा. पण प्रामाणिकपणे सांगतो, विकू नका.

सोल्डरवाले_काका

काही गेलं नाही. उलट इतके दिवस माझा प्रश्न होता की सेंट लुईसमधलं मराठी घर कुत्र्याला विकतचं खाणं घालून वर कूपनही पाठवेल हे जमतं कसं. आता जमलं.

फक्त एक करा, आणि या आठवड्यातच. आत्यांनी फोनवर सांगितलं ते त्यांच्याच अक्षरात एका वेगळ्या कागदावर लिहून घ्या. शेजारीण, पिशव्या, पार्सल, चकल्या, साधारण वर्ष, आणि खाली सही-तारीख. पाकिटावर पेनाने काहीही लिहू नका, शिसपेन्सिलनेही नको. तो कागद त्याच फोल्डरमध्ये, पाकिटाच्या मागे. पुढे विका किंवा ठेवा, घेणारा त्या कागदावरून घासाघीस करणार नाही, आणि ठेवलीत तर तुमच्या मुलांना कोणाला फोन करत बसावं लागणार नाही.

त्या शेजारीणबाईंचं नाव आणि पत्ता इथे टाकू नका, फोटो टाकताना तेवढा भाग झाका. कूपनच्या मागे काय छापलंय तो फोटो मात्र नक्की टाका. किती पुरावे मागितले होते आणि मुदत कोणत्या तारखेपर्यंत होती, ते मला वाचायचंय.